घराची वही : वरच्या इयत्तांसाठी एक पाठमाला

गृहव्यवस्था हा विषय प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात स्वतंत्रपणे आढळत नाही. तथापि गणित, विज्ञान व कार्यानुभव यांच्या तासांत त्याला सहज जागा करून देता येते. घर नीट चालणे ही केवळ मिळकतीची गोष्ट नसून पुष्कळशी हिशेबाची व निरीक्षणाची गोष्ट आहे, आणि हिशेब व निरीक्षण या दोन्ही गोष्टी शाळेत शिकविता येतात. इयत्ता पाचवी ते सातवीच्या विद्यार्थ्यांकडून ‘घराची वही’ या नावाची एक वही तयार करून घ्यावी. तिचे जमाखर्च, सुरक्षितता व पाहुणचार असे तीन भाग पाडावेत. प्रत्येक भागास साधारणतः दोन तास पुरतात.

पूर्वतयारी

पाठ सुरू करण्यापूर्वी शिक्षकाने एक पथ्य पाळणे अगत्याचे आहे. कोणत्याही विद्यार्थ्यास त्याच्या घरची मिळकत, कर्ज अथवा अडचण वर्गात विचारू नये. मुलाच्या घरचे दैन्य फळ्यावर मांडले गेले, तर ते मूल हिशेब शिकत नाही. लाजणे मात्र शिकते. म्हणून सर्व वर्गासाठी एकच कल्पित कुटुंब घ्यावे. घरी जाऊन त्या हिशेबाशी स्वतःच्या घराचा ताळा पाहावयाचा की नाही, हे मुलाच्या व त्याच्या वडीलधाऱ्यांच्या इच्छेवर सोडावे.

भाग पहिला : जमाखर्च

नोकरदाराच्या घरी दरमहा ठरावीक पगार येतो. शेतकऱ्याच्या घरी पैसा वर्षातून एकदोनदाच गठ्ठ्याने येतो. खर्च मात्र बाराही महिने चालू राहतो. हा फरक मुलांच्या ध्यानात आणून देणे हाच या भागाचा मुख्य उद्देश होय. फळ्यावर बारा महिन्यांचे बारा रकाने आखावेत व पुढील आकडे विद्यार्थ्यांकडून भरून घ्यावेत.

कुटुंबात पाच माणसे आहेत. दूध व मजुरी मिळून दरमहा 5,000 रुपये येतात. नोव्हेंबरात सोयाबीनचे 60,000 व मार्चमध्ये हरभऱ्याचे 24,000 रुपये येतात. घरखर्च दरमहा 9,500 रुपये असून जूनमध्ये बी-बियाणे व खते यांसाठी आणखी 20,000 रुपये लागतात.

वर्षाची जमा 1,44,000 व खर्च 1,34,000 रुपये होतो. शिल्लक 10,000 रुपये. एवढे पाहून मुले म्हणतील की, हे घर सुखी आहे. येथे शिक्षकाने घाई न करता महिन्यामागून महिना शिल्लक मांडून घ्यावी. दरमहा 4,500 रुपयांची तूट पडते. नोव्हेंबर ते मे या सात महिन्यांत ती 31,500 होते, आणि पिकाच्या 84,000 रुपयांतून ती भागून मेअखेर 52,500 रुपये हाती राहतात. हा पैसा शिल्लक दिसतो; पण तो मोकळा नाही. जून ते ऑक्टोबर या पाच महिन्यांची तूट व पेरणीचा खर्च मिळून 42,500 रुपये त्यातूनच जावयाचे असतात.

आता वर्गापुढे प्रश्न ठेवावा : जानेवारीत या घरी एका समारंभास 30,000 रुपये खर्च झाले तर काय होईल? विद्यार्थी पुन्हा रकाने भरतील. मेअखेर 22,500 रुपयेच उरतात, जूनमध्येच 2,000 रुपये कमी पडतात, आणि ऑक्टोबरअखेर एकूण 20,000 रुपयांचे कर्ज होते. हे कर्ज दरमहा शेकडा 5 रुपये व्याजाने काढले असे समजावे. शेकडा 5 हा आकडा ऐकावयास लहान वाटतो. परंतु तो महिन्याचा आहे. वर्षाचा दर शेकडा 60 होतो. 20,000 रुपयांवर वर्षाचे व्याज 12,000 रुपये, आणि या घराची वर्षाची सारी शिल्लक 10,000 रुपये. म्हणजे सगळी शिल्लक व्याजात घातली तरी 2,000 रुपये कमीच पडतात आणि मुद्दल जागच्या जागी राहते. हे घर आळसाने बुडाले नाही, व्यसनानेही नाही; बारा महिने एकत्र मांडून पाहिले गेले नाहीत म्हणून बुडाले. ही गोष्ट मुलांनी स्वतःच्या आकडेमोडीतून काढली पाहिजे, शिक्षकाने सांगून नव्हे.

याच ठिकाणी इतिहासाची जोड देता येईल. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला व कर्जाचे कागद जाळले. ज्या कागदावर आपला अंगठा आहे, त्यात काय लिहिले आहे हे वाचता न येणारी माणसे त्यांत पुष्कळ होती. त्यानंतर 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. आज महाराष्ट्रात सावकारी नियमनाचा 2014 चा कायदा लागू आहे. परवान्यावाचून सावकारी करणे हा त्यानुसार गुन्हा आहे, आणि परवानाधारकासही शासनाने ठरविलेल्या दरापेक्षा अधिक व्याज घेता येत नाही. गावची सेवा सहकारी संस्था, बँक व बचत गट हे कर्जाचे अन्य मार्गही मुलांना सांगावेत.

भाग दुसरा : सुरक्षितता

या भागात ‘कारण’ व ‘काळजी’ असे दोन रकाने करावेत. नुसते नियम पाठ केल्याने ते संकटसमयी आठवत नाहीत. कारण समजले म्हणजे आठवतात.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. म्हणून वास येताच दारे-खिडक्या उघडाव्यात, रेग्युलेटर बंद करावा, काडी ओढू नये, विजेचे कोणतेही बटण चालू अथवा बंद करू नये, आणि बाहेर येऊन 1906 या क्रमांकावर कळवावे.

फवारणीच्या द्रव्यास गावोगाव ‘औषध’ म्हणतात. लहान मुलाच्या कानी हा शब्द पडतो तेव्हा त्याला त्यात भय वाटत नाही. वर्गात तरी त्यास ‘विष’ असेच म्हणावे. ते पाण्याच्या वा सरबताच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवू नये. मूळ डब्यातच, कुलपात, धान्यापासून दूर ठेवावे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले, याची आठवण द्यावी.

धान्यामागे उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. कणगीची जागा स्वच्छ असावी व सरपणाचा ढीग भिंतीला लागून नसावा. मण्यार रात्री जमिनीवर निजलेल्या माणसास चावते. म्हणून खाटेवर, मच्छरदाणी नीट खोचून निजणे बरे. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, दोरीने आवळून बांधू नये. दंश झालेला अवयव न हलविता 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी व रोग्यास दवाखान्यात न्यावे. विंचूदंशाचेही तसेच. लाल विंचवाच्या दंशाने दगावणाऱ्यांचे प्रमाण वेळीच दिलेल्या प्राझोसिन या औषधाने पुष्कळ खाली येते, हे महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रोग्यांवर उपचार करून दाखवून दिले. मंत्र-उताऱ्यात गेलेला वेळ हाच खरा घातक असतो.

भाग तिसरा : पाहुणचार

पाहुण्यास हवे असलेले घर कसे असते, असे मुलांना विचारावे व उत्तरे फळ्यावर लिहावीत. झाकलेल्या माठातील पाणी ओगराळ्याने काढून दिलेला तांब्या, झटकून घातलेली सतरंजी, अंगणातली झाडलोट, आपुलकीचा शब्द ही उत्तरे बहुधा येतील. मग या प्रत्येकाची किंमत समोर लिहावयास सांगावे. बेरीज नगण्य निघेल. पाहुणचार वेगळा आणि समारंभ वेगळा, हे येथे स्पष्ट होते. समारंभ करूच नये, असे मात्र शिक्षकाने म्हणू नये. कुलाचार व सण हे लोकांच्या जिव्हाळ्याचे असतात. वरील कुटुंबाने 30,000 ऐवजी 10,000 रुपयांत समारंभ केला असता, तर एक रुपयाही कर्ज झाले नसते, एवढेच वहीतून दाखवावे. ऋण काढून सण करू नये, ही म्हण मग उपदेश न राहता गणिताचे उत्तर होते.

जे घर परक्याचे आदरातिथ्य करते, ते घरच्यांचेही करते ना, हाही विचार व्हावा. सर्वांत शेवटी जेवणाऱ्या आईच्या ताटात पुरेसे उरते काय, वृद्ध आजोबांना अंधारात न्हाणीपर्यंत जाण्यास दिवा आहे काय, हे प्रश्न मुलांनी लिहून घरी न्यावेत. त्यांची उत्तरे वर्गात मागू नयेत.

स्वाध्याय

1. वरील कुटुंबाने दरमहाचा खर्च 500 रुपयांनी कमी केल्यास वर्षाची शिल्लक किती होईल?
2. 15,000 रुपये दरमहा शेकडा 2 दराने 8 महिन्यांसाठी घेतल्यास सरळव्याज किती होईल? वर्षाचा दर किती पडतो?
3. कल्पित घराचा आराखडा काढून गॅस, फवारणीचे विष, सरपण व माठ यांच्या योग्य जागा दाखवा.

या पाठमालेचे मूल्यमापन वहीच्या टापटिपीवरून करू नये. त्या कल्पित घराला कोणत्या महिन्यात पैसा कमी पडणार आणि तो कोठे राखून ठेवावयास हवा होता, हे ज्या विद्यार्थ्यास नेमके सांगता येईल, त्यास पाठ समजला असे मानावे. कर्जाच्या कागदावर घरातील कोणी अंगठा वा सही करण्यापूर्वी ‘हा दर महिन्याचा की वर्षाचा?’ असे विचारणारे एक मूल गावातील प्रत्येक घरात असावे, एवढीच या पाठाची अपेक्षा आहे.