चाळिशीकडे झुकताना त्वचेची निगा

दवाखान्यात येणाऱ्या ३५ ते ४५ या वयाच्या भगिनींची एक तक्रार आता मला तोंडपाठ झाली आहे. ‘डॉक्टर, लग्नाच्या वेळी काहीही लावलं तरी चालायचं. आता साधा साबणसुद्धा सोसत नाही.’ साबण तोच, पाणी तेच, घरही तेच; मग बदलले काय? बदलली ती त्वचा. आपण मात्र विशीतल्या सवयीच पुढे चालवत राहतो. या वयात त्वचेत काय घडते आणि त्याप्रमाणे रोजच्या निगेत काय बदल करावा, हे आजच्या लेखात पाहू. त्यातच एका मलमाच्या नळीची हकीकत सांगायची आहे, आणि ती सांगताना माझी स्वतःची एक चूकही कबूल करायची आहे.

त्वचेचा सर्वांत वरचा थर सतत झिजत असतो आणि खालून नव्या पेशी वर येत असतात. तरुणपणी हा फेरा साधारण चार आठवड्यांत पुरा होतो; वय वाढते तसा तो लांबतो. जुन्या पेशी वर रेंगाळतात आणि चेहरा निस्तेज दिसू लागतो. त्याखालच्या थरात कोलॅजेन नावाचे प्रथिन असते. पलंगाला जशी नवार, तसे ते त्वचेला. पंचविशीनंतर ते दरवर्षी सुमारे एक टक्क्याने कमी होत जाते, असे ढोबळमानाने मानतात. नवार सैल पडली की पलंगाला झोळ येतो, हे आपण घरोघरी पाहिले आहे. स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षाच्या सुमारास थांबते, म्हणजे पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा चार-पाच वर्षे आधी. तिच्या आधीची काही वर्षे इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण खालीवर होत असते, आणि त्वचेचा ओलावा व जाडी पुष्कळशी त्याच्यावर अवलंबून असते. तेव्हा चाळिशीत त्वचा कोरडी झाली, खाजू लागली, तर तो आजारच असेल असे नाही. मात्र कोरडेपणाबरोबर थकवा, वजनवाढ, केस गळणे, बद्धकोष्ठ असेल तर थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. नुसते मलम बदलून तो कोरडेपणा जाणार नाही.

पहिला बदल न्हाणीघरात करावा. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि नेहमीचा अंगाचा साबण अल्कधर्मी. विशीत त्वचा हा फरक काही वेळात भरून काढते. चाळिशीत तिला ते जड जाते. त्यात कढत पाणी, घासणी, आणि दिवसातून चार वेळा साबणाने तोंड धुण्याची सवय! तोंड दिवसातून दोनदा धुणे पुरे, तेही सौम्य फेसवॉशने किंवा सकाळी नुसत्या पाण्याने. अंगाला साबण काखा, जांघा, पावले इथे लावावा; हातापायांना रोज फेस करण्याची गरज नाही. पाणी कोमट असावे. अंग टिपल्यावर ते किंचित ओलसर असतानाच मॉइश्चरायझर किंवा खोबरेल लावावे. कोरड्या ठणठणीत अंगावर तासाभराने लावलेले तेल निम्मे वाया जाते. ज्यांना मुरुमे येतात त्यांनी चेहऱ्याला मात्र तेल लावू नये. या वयात मुरुमे येतात का, असे पुष्कळजणी आश्चर्याने विचारतात. येतात, आणि बहुधा हनुवटी व जबड्याच्या कडेने येतात.

लिंबू चेहऱ्याला चोळू नये. लिंबाचा रस लागलेल्या जागी ऊन पडले तर त्वचा भाजल्यासारखी होऊन काळी पडू शकते. डाळीचे पीठ आणि साय यांना माझी हरकत नाही. दिवाळीच्या उटण्यालाही नाही, फक्त ते रगडू नये.

दुसरा बदल उन्हाच्या बाबतीत. चेहऱ्यावरच्या ज्या खुणांना आपण वय म्हणतो, त्यांतल्या बऱ्याचशा उन्हाने केलेल्या असतात. २०१२ साली अमेरिकेतील एका प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात एका ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचे छायाचित्र छापून आले होते. त्याने २८ वर्षे मालट्रक चालवला. त्याच्या चेहऱ्याची खिडकीकडची डावी बाजू सुरकुत्यांनी भरलेली आणि उजवी बाजू कितीतरी नितळ! माणूस एकच, वय एकच. अतिनील किरणांपैकी यूव्हीए हा प्रकार काचेतून आत येतो आणि खोलवर पोहोचतो. आपल्याकडे चालकाची खिडकी उजवीकडे असते, त्यामुळे एस. टी. चालक दवाखान्यात आले की मी आधी त्यांचा उजवा गाल पाहतो.

आमच्या तासगाव-पलूस भागातल्या द्राक्षबागांत कामाला जाणाऱ्या बाया साडीवर पुरुषी फुल शर्ट चढवतात आणि डोके-चेहरा फडक्याने गुंडाळून घेतात. शहरातल्या शिकलेल्या लोकांना ते विचित्र वाटते, पण उन्हापासून बचावाचा त्याहून स्वस्त आणि खात्रीचा उपाय मला ठाऊक नाही. ज्यांना परवडते त्यांनी उघड्या राहणाऱ्या भागावर सनस्क्रीन लावावे; एसपीएफ ३० पुरेसे आहे, कारण ते नीट लावल्यास यूव्हीबी किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवते. अडचण असते ती ‘नीट’ या शब्दाची. हरभऱ्याएवढे सनस्क्रीन अख्ख्या चेहऱ्याला पुरत नाही. तर्जनी व मधले बोट यांवर टोकापासून मुळापर्यंत एकेक रेघ ओढावी, तेवढे चेहरा व मानेला लागते. दिवसभर बाहेर असाल तर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे.

आता वांगाकडे वळू. गालावर, कपाळावर, वरच्या ओठावर तपकिरी डाग, बहुधा दोन्ही बाजूंना सारखे. तिशी-चाळिशीतल्या स्त्रियांना हा त्रास फार. पुष्कळांना तो पोटातल्या उष्णतेने किंवा यकृताच्या बिघाडाने होतो असे वाटते; तसे नाही. आनुवंशिकता, ऊन, गरोदरपण, पाळणा लांबवण्याच्या गोळ्या ही त्याची ठळक कारणे. नुसता उजेडही आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवरचे डाग गडद करतो, म्हणून वांग असलेल्यांनी लोहाचे ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन निवडावे. वांग धोक्याचे नाही. धोका आहे तो त्यावर लावल्या जाणाऱ्या नळीत.

काही वर्षांपूर्वी एक अंगणवाडी सेविका आली, वय ३९. चेहरा लालभडक, गालांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रक्तवाहिन्या, हनुवटीवर लव आणि पुळ्या. म्हणाली, ‘चुलीपुढं बसवत नाही डॉक्टर, तोंडाची आग होते.’ ‘काय लावता ताई?’ असे विचारल्यावर तिने पिशवीतून एक नळी काढली आणि तिच्यासोबत एक चिठ्ठी. चिठ्ठी फाटू नये म्हणून तिने ती प्लॅस्टिकमध्ये घालून घेतली होती. अक्षर माझेच होते. सहा वर्षांपूर्वी मीच तिला वांगासाठी ते मलम दिले होते. त्यावर लिहिले होते, ‘रात्री लावणे’. किती दिवस, ते लिहिलेच नव्हते. तोंडी सांगितले असेन, नसेनही. त्या दिवशी दवाखान्यात गर्दी असेल. तिने सांगितले तसे केले. रात्री लावले, सहा वर्षे. औषधाच्या दुकानात चिठ्ठी दाखवली की नळी मिळत होती. जावेला आणि शेजारच्या दोघींनाही तिने त्याच चिठ्ठीवर ते आणून दिले होते.

त्या मलमात तीन औषधे होती. डाग फिकट करणारे हायड्रोक्विनोन, पेशींचा फेरा वाढवणारे ट्रेटिनॉइन, आणि स्टेरॉइड. या तिघांचे मिश्रण क्लिगमन या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने १९७५ साली मांडले आणि वांगावर ते खरोखर गुणकारी आहे. पण त्याची मुदत आठवड्यांत मोजायची असते, वर्षांत नव्हे. स्टेरॉइड लावल्यावर लाली व दाह दबतो, चेहरा काही दिवसांत उजळ दिसतो. म्हणून तर मैत्रिणी एकमेकींना नळी सुचवतात. पुढे त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या वर दिसू लागतात, मुरुमे आणि लव येते. आधीच विरळ होऊ लागलेल्या चाळिशीच्या कातडीवर हे अधिकच उठून दिसते. मलम थांबवावे तर चेहरा भडकतो, आग होते, आणि बाई घाबरून पुन्हा तीच नळी लावते. हे एक प्रकारचे व्यसनच होय. फरक इतकाच की ते औषधाच्या दुकानातून येते.

२०१८ साली केंद्र सरकारने लावायच्या १४ स्टेरॉइडांना ‘शेड्यूल एच’मध्ये घातले, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. नियम आहे, दुकानात काय चालते ते वाचक जाणतात. शिवाय माझ्या चिठ्ठीचे काय करायचे, याला त्या नियमात उत्तर नाही.

तेव्हा वाचकांनी आज घरातल्या नळीवरची बारीक अक्षरे भिंगाने वाचावीत. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, डेक्सामेथासोन यांपैकी एखादे नाव दिसले आणि ती नळी चेहऱ्यावर काही महिने लावली जात असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे. फार दिवसांची सवय असेल तर आपल्या मनाने थांबवण्यापेक्षा त्यांच्या देखरेखीखाली थांबवावे. सुरुवातीचे काही आठवडे त्रास वाढतो. तो वाढणार हे आधी ठाऊक असलेली बाई टिकून राहते, ठाऊक नसलेली नळीकडे परत जाते. त्या काळात गार पाण्याच्या पट्ट्या, साधे बिनवासाचे मॉइश्चरायझर, ऊन व चुलीची धग टाळणे, एवढेच करायचे. फेशियल नको, ब्लीच नको.

ज्या डबीवर घटकच लिहिलेले नाहीत तिच्या वाटेला जाऊ नये. २०२३ साली अकोल्यातील एका कुटुंबात गोरेपणाच्या क्रीममधील पाऱ्यामुळे मूत्रपिंडाला इजा झाल्याचे उघडकीस आले होते. पारा कातडीतून रक्तात जातो.

सुरकुत्यांसाठी हल्ली रेटिनॉलची फार चर्चा आहे. ते उपयोगी आहे हे खरे. रात्री वाटाण्याएवढे, आठवड्यातून दोनदा, सोसेल तसे वाढवावे, आणि दिवसा उन्हापासून जपावे. गरोदर असताना किंवा मूल होऊ द्यायचा विचार असताना ते वापरू नये. खर्च जड जात असेल तर ते सोडून द्यावे. सनस्क्रीन किंवा फडके मात्र सोडू नये.

जाता जाता मानेबद्दल. मान आणि काखा काळ्या, जाड, मखमलीसारख्या झाल्या असतील तर तो मळ नव्हे. कित्येकजणी तिथे घासणीने रक्त येईपर्यंत घासतात. पुरुषही हा भाग कॉलरखाली लपवतात. शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाल्याची ती खूण असू शकते. अशांनी क्रीम विकत घेण्याआधी रक्तातली साखर तपासावी आणि कंबरेचा घेर मोजावा. वजन उतरू लागले की पुष्कळदा काळेपणाही उतरू लागतो.

त्या सेविकेचा चेहरा शांत व्हायला आठ महिने लागले. काही रक्तवाहिन्या अजून दिसतात. वांग फिकट झाले आहे, गेलेले नाही. उन्हाळ्यात ते गडद होते हे तिला ठाऊक आहे आणि अंगणवाडीत येता-जाता ती ओढणी घेते. जावेला ती स्वतः घेऊन आली. शेजारच्या दोघींपैकी एक आली, दुसरी अजून नळी लावते.

तेव्हापासून मी चिठ्ठीवर ‘किती दिवस’ हे लिहितो आणि त्याखाली रेघ ओढतो. आपल्या डॉक्टरांनी ते लिहिले नसेल तर उठण्यापूर्वी विचारून घ्यावे. त्वचेसाठी दवाखान्यात जाताना घरात असतील नसतील त्या सगळ्या नळ्या, डब्या आणि जुन्या चिठ्ठ्या पिशवीत घालून न्याव्यात, शेजारणीकडून आणलेल्यासुद्धा.