साल्हेरची चढण : पहिला दिवस

नाशिक जिल्ह्याच्या उत्तर टोकास, बागलाण तालुक्यात, डांगच्या सीमेलगत साल्हेर हा किल्ला उभा आहे. त्याची उंची १५६७ मीटर, म्हणजे सुमारे ५१४१ फूट. महाराष्ट्रातील डोंगरी किल्ल्यांत याहून उंच किल्ला नाही. सर्व शिखरे मोजली तर कळसूबाई (१६४६ मीटर) तेवढी त्याहून ७९ मीटरांनी उंच भरते. वरच्या वर्गातील मुलांची तुकडी येथे न्यावयाची तर चढण एकाच दिवसात उरकून परत फिरण्याची घाई करू नये. पहिल्या दिवशी माथ्यावर पोचून मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी उतरावे. पावसाळा सरल्यानंतरचे हिवाळी महिने यासाठी उत्तम. भर पावसात पायऱ्यांवर शेवाळ असते, आणि उन्हाळ्यात उघडा कातळ तापतो.

सटाणा, ताहाराबाद, मुल्हेर अशी वाट करून तुकडी पायथ्याच्या गावी येते. एक वाट साल्हेरवाडीकडून चढते, दुसरी वाघांबे गावाकडून साल्हेर आणि सालोटा यांमधील खिंडीत जाते. प्रस्तुत पाठात दुसऱ्या वाटेचा विचार केला आहे. कोणतीही वाट धरली तरी गावातील माहितगार मनुष्य वाटाड्या म्हणून बरोबर घेतलाच पाहिजे. नकाशा वाचता येणारा शिक्षक असला, तरी कोणती पाऊलवाट गुरांची आणि कोणती गडाची, हे नकाशा सांगत नाही. वाटाड्याने सर्वांच्या पुढे राहावे आणि त्याच्यापुढे कोणीही जाऊ नये. एक शिक्षक सर्वांच्या मागे असावा आणि त्याच्या मागे कोणीही राहू नये. या दोघांच्या मध्ये सारी तुकडी असली म्हणजे हरवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. हा नियम घालून देणे सोपे, पाळणे कठीण. कारण धीट मुले पुढे धावतात आणि शिक्षकांनाही त्यांचे कौतुक वाटते.

चढताना गती किती ठेवावी, याचे माप घड्याळात नाही. शेजारच्याशी पुरे वाक्य बोलता येईल, इतक्याच वेगाने चालावे. वाक्य तुटू लागले की वेग अधिक झाला असे समजावे. रांगेतील सर्वांत हळू चालणारे मूल वाटाड्याच्या लगेच मागे ठेवावे, म्हणजे त्याचीच गती साऱ्यांची गती होते. ते शेवटी राहिले तर प्रत्येक विश्रांतीच्या जागी इतर मुले बसून ताजी होतात, आणि ते येऊन पोचते तेव्हा निघण्याची हाक पडते. जो अधिक थकला त्यालाच विश्रांती कमी, असा हा अन्याय पुष्कळ सहलींतून नकळत घडत असतो.

वाटेत डोंगराची रचना मुलांना दाखवावी. उभा कडा, मग थोडी सपाटी, पुन्हा कडा, पुन्हा सपाटी, असा हा जिना आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हारसाचे थर वारंवार पसरून थंड झाले. कठीण थर कड्यांच्या रूपाने उरले, मऊ थर झिजून उतार झाले. परशुरामाने याच माथ्यावरून बाण सोडून समुद्र मागे हटविला, अशी येथील आख्यायिका आहे; शिखरावर त्याचे देऊळही आहे. ती अवश्य सांगावी, मात्र आख्यायिका म्हणून सांगावी. लाव्हारसाची हकीकत त्याच बैठकीत सांगण्यास काही हरकत नाही.

खिंडीत पोचल्यावर दिवसातील महत्त्वाचा निर्णय घ्यावयाचा असतो. हिमालयात सुमारे २५०० मीटरांच्या वर विरळ हवेचा त्रास संभवतो. साल्हेरवर ते भय नाही. येथील भय साधे आहे : तहान, ऊन, निसरडी माती, आणि उशीर. म्हणून खिंडीत सर्वांस सावलीत बसवून प्रत्येकाची पाण्याची बाटली पाहावी. ‘पाणी आहे का?’ असे विचारू नये. मूल लाजेने ‘आहे’ म्हणते. बाटली हातात घेऊन हलवून पाहावी. टाच सोलली गेली आहे का, चपलेचा अंगठा तुटला आहे का, डोके दुखते का, हेही पाहून घ्यावे. समजा, एका मुलीची बाटली केव्हाच रिकामी झाली आहे, तिचे तोंड कोरडे पडले आहे, आणि ती मात्र ‘मी ठीक आहे’ असेच म्हणते. तिला थोडे थोडे पाणी, मीठ-साखर, गूळ देऊन अर्धा तास थांबावे. तरीही ती सावरली नाही तर एका शिक्षकाने गावातील सोबत्यासह तिला खाली न्यावे. त्यासाठीच प्रौढांची संख्या आरंभापासून एकाने अधिक ठेवलेली असावी. ‘एवढे आलो, आता थोडेच राहिले’ हे वाक्य डोंगरावर फार अनर्थ करते.

खिंडीच्या वर कातळात खोदलेल्या पायऱ्या आणि दरवाजे लागतात. दरवाजांवरील शिलालेख पाहावेत. त्यांवर खडूही फिरवू नये. येथून खालची मैदाने दिसतात, तेव्हा इतिहास शिकविण्यास वर्गाची उणीव भासत नाही. शिवाजीमहाराजांनी १६७१ मध्ये हा किल्ला घेतला. मोगलांनी त्यास वेढा घातला, तेव्हा १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांच्या फौजांनी मोगल सैन्याचा उघड्या मैदानावर पराभव केला. सूर्यराव काकडे या युद्धात पडले. गनिमी काव्याची सवय असलेल्या सैन्याने समोरासमोर मिळविलेला हा जय, म्हणून त्याचे महत्त्व विशेष. २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातील १२ किल्ल्यांना जागतिक वारशात स्थान मिळाले, त्यांत साल्हेर आहे.

माथ्याच्या पठारावर गंगासागर तलाव, रेणुकादेवीचे देऊळ आणि मुक्कामास उपयोगी पडणाऱ्या गुहा आहेत. पिण्याचे पाणी कोठून घ्यावे हे वाटाड्यास विचारावे, ते गाळावे आणि उकळूनच द्यावे. चूल पेटविण्यापूर्वी मान वर करून कड्याकडे पाहावे. आग्यामोहोळ दिसल्यास त्याखाली धूर करणे म्हणजे संकटास आमंत्रण होय. रात्रीच्या जेवणास वरणाचा बेत असेल तर मुलांना घाई करू देऊ नये. उंचीबरोबर हवेचा दाब कमी होतो आणि पाणी लवकर उकळू लागते; दर ३०० मीटरांस उत्कलनबिंदू सुमारे १ अंशाने उतरतो. साल्हेरवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळते, म्हणून डाळ शिजण्यास वेळ लागतो. पिठले मात्र तेथेही लवकर होते, आणि पायथ्याहून आणलेल्या नागलीच्या भाकरीबरोबर ते अधिक रुचते.

दिवस मावळण्यास तासा-दीड तासाचा अवकाश असेल तरच परशुरामाच्या शिखरावर जावे, नाहीतर ते सकाळसाठी ठेवावे. वर गेल्यावर मुलांस एक प्रश्न घालावा : पूर्वेकडील उतारावर आणि पश्चिमेकडील उतारावर पडलेले पाणी कोठे जाईल? पूर्वेचे पाणी मोसम नदीने मालेगावजवळ गिरणेस मिळते, गिरणा तापीस, आणि तापी पुन्हा पश्चिमेकडे वाहत सुरतेजवळ समुद्रास. पश्चिमेचे पाणी डांगच्या नद्यांतून त्याच अरबी समुद्रास जाते, परंतु फार जवळच्या वाटेने. खानदेश ओलांडून येणारे थेंब आणि डांग उतरून येणारे थेंब शेवटी एकाच समुद्रात येतात, हे उत्तर वर्गात पुस्तकावरून सांगितले तर क्वचितच ध्यानात राहते.

सूर्य डांगच्या रानामागे गेला की थंडी झपाट्याने पडते. अंधारापूर्वी गुहेशी परतावे आणि संख्या मोजावी. मुलांना नावाने हाक मारून मोजावे, नुसती डोकी मोजू नयेत. रात्री कोणासही बाहेर जावयाचे झाल्यास शिक्षकाला जागे करून, दिवा घेऊन, दोघांनी मिळून जावे.