आधी अंग बघ, मग औषध

चि. सायली,


तुझ्या गिनी पिगचा, चकलीचा फोटो मिळाला. दोन्ही कुशींवरचे केस विरळ झालेले दिसतात, पण खालची कातडी दिसत नाही आणि मला नेमकी तीच बघायची आहे. शेजारच्या काकूंनी सांगितलेलं कापूर घातलेलं खोबरेल आणि मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब, दोन्ही बाजूला ठेव. चकली अंग चाटणारच, म्हणजे तेल पोटात जाणार आणि कापूर तर तिच्यासाठी विषच. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाच. नायट्यासाठी सर्रास विकल्या जाणाऱ्या अशा मिश्र मलमांत बहुधा स्टेरॉइड असतं. त्याने खाज थांबते, लाली उतरते आणि खाली बुरशी मोकाट पसरते. नंतर डॉक्टरांकडे नेलंस तरी त्यांना खरं चित्र दिसत नाही.

मला प्राण्यांवर उपचार करण्याच्या या व्यवसायात बरीच वर्षं झाली, म्हणून एक गोष्ट ठामपणे सांगते. केस गळणं हा आजार नव्हे, ती आजाराची खूण आहे. केस कुठले गेले, कसे गेले आणि खाज आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय औषधाचं नाव काढायचं नाही.

उद्या सकाळी खिडकीपाशी मांडीवर टॉवेल घेऊन बस, आईला चकलीला धरायला सांग आणि केसांच्या उलट दिशेने फुंकर मारून बघ. कानामागे नाण्याएवढं टक्कल असतं, ते जन्मजात आहे. पार्श्वभागावर तेलकट चिकट जागा असते, ती ग्रंथीची. या दोन्हींची काळजी करू नकोस.

खाज असेल तर आधी खरजेच्या किडीचा संशय घ्यायचा. ट्रिक्साकॅरस नावाची ही कीड कातडीत बिळं करते. मांड्या, पाठ, खांदे खपलीने भरतात आणि प्राणी इतका बेजार होतो की हात लावताच झटके आल्यासारखा तडफडतो. उवा असतील तर केसांच्या मुळाशी हलताना दिसतात. किडीवर आयव्हरमेक्टिन चालतं, पण मात्रा वजनावर ठरते आणि ती डॉक्टरांनीच काढायची. औषधाने अंडी मरत नाहीत, म्हणून साधारण १० ते १४ दिवसांनी ते पुन्हा द्यावं लागतं आणि पिंजऱ्यातल्या सगळ्यांनाच द्यावं लागतं. कुत्र्याच्या पिसवांचं औषध ‘थोडंसंच’ म्हणूनही लावायचं नाही.

नायटा बहुधा नाक, डोळे, कान यांच्या भोवती सुरू होतो. गोल चट्टा, कोंडा, तुटके केस, खाज मात्र कमीअधिक. तो माणसाला लागतो, म्हणून हात लावल्यावर साबणाने धुवायचे आणि धाकट्या चिन्मयला आत्ता तिला कुशीत घेऊ देऊ नकोस. तपासणीच्या जांभळ्या दिव्याखाली काही चमकलं नाही म्हणून कुणी ‘बुरशी नाही’ म्हणालं, तर मानू नकोस. गिनी पिगला होणारी नेहमीची बुरशी त्या दिव्याखाली चमकतच नाही. केस आणि कोंड्याचा नमुना तपासायला द्यावा लागतो.

केस मुळापासून गेले नसून कातरल्यासारखे आखूड असतील, कातडी स्वच्छ असेल, तर कुणीतरी ते चावतंय. जागा अपुरी किंवा चघळायला गवत कमी असलं की हे होतं. तुमच्याकडे पावसाळ्यात कोरडं गवत मिळणं कठीण, हे मला माहीत आहे. पण म्हणून भाताचा पेंढा पुरेसा समजू नकोस, त्यात कस नसतो आणि बुरशी धरलेला तर टाकूनच द्यायचा. फवारणी न केलेल्या जागेतली हरळी रोज काप, धू, निथळव आणि भरपूर घाल. खालचं अंथरूण ओलं राहिलं तर पोटाखालची कातडी लघवीने भाजते आणि तळपायाला फोड येतात. मूळची ही जात अँडीज पर्वतातली, थंड कोरड्या हवेतली. कोकणातला आषाढ तिला मानवत नाही.

आता खाण्याबद्दल. माणसाप्रमाणेच गिनी पिगलाही क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात बनवता येत नाही. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिश यांना गिनी पिगमध्येच स्कर्व्ही, म्हणजे या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा रोग, दिसली आणि त्या रोगाचा अभ्यास खऱ्या अर्थाने मार्गी लागला. कमतरता झाली की केस राठ होतात, सांधे सुजतात, प्राणी हलायला नको म्हणतो. तुमच्याकडच्या दुकानातलं सशाचं खाद्य या बाबतीत निरुपयोगी. वजनाच्या किलोमागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम लागतं. ढोबळ्या मिरचीचा एक मोठा तुकडा आणि थोडी कोथिंबीर रोज दे, कधीमधी पेरूची फोड. पाण्यात थेंब टाकू नकोस, तिथे ते लवकर निकामी होतं.

आता फोटोकडे येते. केस दोन्ही कुशींवर सारखेच गेलेत आणि तू म्हणतेस खाजवत नाही. हे तसंच असेल तर माझा संशय कातडीवर नाही, पोटावर आहे. चकली येत्या दिवाळीला दोन वर्षांची होईल. या वयाच्या मादीत अंडाशयाला गाठी होतात आणि केस असे दोन्हीकडून उतरतात, कधी स्तनाग्रंही खरबरीत होतात. दुसरी शक्यता तिच्या पिंजऱ्यातल्या दुसऱ्या गिनी पिगची, लाडूची. मे महिन्यात दुकानदाराने ‘मादीच आहे’ म्हणून दिला, पण त्यांचे हे अंदाज पुष्कळदा चुकतात. गाभण मादीचेही शेवटी केस असेच विरळ होतात. गर्भकाळ ५९ ते ७२ दिवसांचा, त्यामुळे तारखाही जुळतात.

तसं असेल तर घाई आहे. पहिली वीण वयाच्या सहा-सात महिन्यांच्या आत झाली नाही, तर कमरेची हाडं जुळून घट्ट होतात आणि पिल्लू अडतं. शस्त्रक्रिया करावी लागू शकते. विल्यावर काही तासांत ती पुन्हा गाभण राहू शकते, म्हणून लाडूला आजच वेगळ्या पिंजऱ्यात ठेव. एकमेकांना दिसतील, शिवणार नाहीत, असं.

याच आठवड्यात डॉक्टर गाठ. आधी फोन करून विचार, ‘ससे, गिनी पिग बघता का? सोनोग्राफी होईल का?’ नेताना उपाशी ठेवू नकोस, टोपलीत हरळी घाल. पोटातून ॲमॉक्सिसिलिन लिहून दिलं तर नम्रपणे दुसरं औषध विचार. त्याने हिच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि जीव जाऊ शकतो. डॉक्टरांना वाटलं तर मला फोन करू देत.

आणि आजपासून एक वही कर. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर रविवारी वजन, रोजचं खाणं, लेंड्या, खाज, कातडीचा फोटो. भक्ष्य होणारे प्राणी दुखणं लपवतात, आकडे लपवत नाहीत. एक दिवस जरी तिने खाणं सोडलं, तर वाट बघायची नाही, रात्र असली तरी फोन करायचा.

उद्याचे फोटो पाठव, दोघांचेही. लाडूचा मागच्या बाजूने.

तुझी,
नीलामावशी