नावातले टिंब

खर्डा, ता. जामखेड

चि. माईस,


तुझ्या नव्या कंपनीचे माहितीपत्रक वाचले. झेरॉक्सचा गठ्ठा काखेत न मारता माणसाने फोनवरूनच आपली ओळख पटवावी, हा धंदा चांगला आहे. पुण्यापेक्षा त्याची गरज आमच्याकडे जास्त. पण पत्रकात उद्गारचिन्हांची जत्रा आणि स्वल्पविराम औषधालाही नाही! मोबाइलवर मला लिहितेस तेव्हाही वाक्य कुठे संपले ते मीच ठरवायचे. यंत्राच्या आज्ञावलीत मात्र एक टिंब चुकले तर रात्रभर जागतेस. माणसांसाठी लिहितानाही थोडे जाग.

मोडीत कुठे होती विरामचिन्हे, असे तू म्हणशील. नव्हतीच. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईत निजामाने आपल्या इथल्या किल्ल्याचा आसरा घेतला, तेव्हा इथून पुण्याला गेलेल्या बातम्या मोडीतच गेल्या. आधी लांब रेघ ओढायची, तिच्याखाली अक्षरे लिहीत जायची. शब्दांत जागा सोडायची नाही. इंग्रजी धर्तीची चिन्हे मराठीत रुळवण्याचे श्रेय मेजर कँडीचे, त्याचे ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक निघाले १८५० साली. चिन्हे नसली तरी सरकारी पत्र मोकाट सुटलेले नसे. मजकूर संपला की तिथे मोर्तब, म्हणजे अखेरचा शिक्का, उठे. शिवछत्रपतींच्या मोर्तबावर ‘मर्यादेयं विराजते’ असे, पेशवाईत ‘लेखनसीमा’. त्यापुढे कोणी अक्षर वाढवले तर ते लबाडीचे. पत्र खरे आहे आणि ते कुठपर्यंतचे, हे एकाच ठशात कळे. पूर्णविराम आणि ओळखपत्र एकाच शिक्क्यात कोरलेले, असे मी त्याला म्हणतो.

तुमची डिजिटल स्वाक्षरी याच वाटेने जाते, फक्त जास्त कडक. सगळ्या मजकुरावरून एक ठरावीक लांबीचा आकडा काढायचा आणि स्वाक्षरी करणाराच्या गुप्त किल्लीने त्यावर शिक्कामोर्तब करायचे. नंतर मजकुरातला एक स्वल्पविराम हलला तरी पडताळणी नापास. म्हणून करारनामा, संमतीपत्र, अटी यांतली विरामचिन्हे सही होण्याआधी माणसाने वाचून तपासावीत. ‘कंपनी आपली माहिती बँकेला आपण सांगितल्यास देईल’ यात माहिती द्यायला सांगायचे, की कोणत्या बँकेला ते सांगायचे? असले वाक्य आमच्या गावच्या म्हातारीकडून मान्य करून घेऊ नकोस. तिथे स्वल्पविरामानेही भागणार नाही. वाक्य मोडून दोन कर.

नावाच्या बाबतीत मात्र हाच कडकपणा माणसाच्या मुळावर येतो. आपल्या नगरकडे भाऊसाहेब, बाळासाहेब, रावसाहेब गल्लोगल्ली. (जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, तोंडातले नगर अजून जायचे आहे.) एखाद्याने फॉर्म भरताना ‘भाऊ’ आणि ‘साहेब’ यांत जागा सोडली की यंत्र साहेबाला बापाच्या रकान्यात बसवते. त्याच माणसाची सातबाऱ्यावर आद्याक्षरे आणि टिंबे, बँकेत टिंबे गाळून चिकटलेली अक्षरे, शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी. माणूस एक, कागदोपत्री चार. अनुदान अडकते, तो जामखेडला खेटे घालतो, आणि प्रत्येक खिडकीवर त्यालाच विचारतात, नाव नीट का लिहिले नाही? लिहिलेले असते दुसऱ्याच कोणीतरी.

आधार क्रमांकाची सोय बघ. पहिले आधार नंदुरबारच्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० रोजी दिले गेले. त्या बारा आकड्यांतला शेवटचा आधीच्या अकरांवरून काढलेला असतो. रीत वेरहॉफ नावाच्या डच गणितज्ञाची. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन वेगळे आकडे उलटसुलट झाले, तर चूक जागच्या जागी पकडली जाते. कार्डावर चार-चार आकड्यांनंतर सोडलेली जागा वाचणाराच्या डोळ्यांसाठी; क्रमांकात ती धरत नाहीत. नावाला असा राखणदार आकडा नाही. तिथे टिंब, मोकळी जागा, जोडरेघ यांना डोळ्यांच्या सोयीइतकेच मोल दे.

म्हणजे काय कर, तर कागदावर जसे आहे तसे नाव आधी जपून ठेव, त्याला हात लावू नकोस. जुळवणीसाठी वेगळी प्रत काढ. तिच्यातून टिंबे आणि जागा गाळ, आडनाव मागेपुढे करून बघ. विसर्गाच्या जागी इंग्रजी कोलन टाइप करायची सवय सर्रास आहे. डोळ्याला दोन्ही सारखे, यंत्राला मात्र दोन निराळी चिन्हे, तेही सांभाळ. एवढे करूनही जुळले नाही तर ‘नामंजूर’ म्हणून मोकळी होऊ नकोस. दोन्ही नावे शेजारी दाखव आणि निर्णय माणसाकडे दे. उलट, फक्त नाव जुळले म्हणून कोणाला कोणाच्या खात्यात शिरू देऊ नकोस. भाऊसाहेब पुष्कळ आहेत, हे वर लिहिलेच.

भाषा आणि तंत्र यांचे जमत नाही, असे तुझे सहकारी म्हणत असतील तर त्यांना श्रीराम भिकाजी वेलणकरांचे नाव सांग. टपालाचा सहा आकडी पिनकोड त्यांचा, १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. गृहस्थ संस्कृत कवी होते.

नवी आवृत्ती तयार झाली की बाजारात आणण्याआधी इकडे पाठव. चावडीजवळच्या चार-सहा जणांना त्यांचे खरे कागद घेऊन बसवतो. काय अडते ते लिहून कळवीन. सौ. मामी आशीर्वाद सांगते.

कळावे,
तुझा मामा