पाँटून नावेच्या तक्तपोशीखाली ॲल्युमिनियमचा पत्रा

धरणाच्या जलाशयात पिंजरे टाकून मासे वाढविणाऱ्यांना खाद्याची पोती, जाळी व माणसे नेण्यासाठी रुंद आणि सहसा न कलंडणारी नाव लागते. दोन लांब, हवाबंद नळकांड्यांवर आडव्या तुळया टाकून वर तक्तपोशी केलेली पाँटून नाव ह्या कामास सोयीची पडते. ह्या नावेशी शेतकऱ्याचा संबंध जुनाच आहे. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील अँब्रोझ वीरेस ह्या शेतकऱ्याने १९५२ साली पोलादी पिंपांच्या दोन रांगांवर लाकडी पाट बसवून जी नाव केली, तिच्यापासून आजच्या पाँटून नावेचा आरंभ मानला जातो.

नाव वेगाने चालू लागली म्हणजे नळकांड्यांमधून उसळणारे पाणी आडव्या तुळयांवर आपटते. त्यामुळे नावेस अडथळा होतो, इंधन अधिक जळते आणि तक्तपोशीची खालची बाजू सतत भिजत राहते. तुळयांच्या खालून ॲल्युमिनियमचा पत्रा बसविल्यास पाण्यास सपाट पृष्ठभाग मिळतो व ते न अडता मागे निघून जाते. तथापि हा लाभ मुख्यत्वे वेगवान नावेस मिळतो. वल्ह्याने किंवा लहान इंजिनाने पिंजऱ्यांभोवती सावकाश फिरणाऱ्या नावेचा वेग पत्र्याने वाढेल, अशी आशा कोणी धरू नये. तिच्यासाठी हा खर्च बहुधा अनाठायीच ठरतो. मत्स्यव्यवसाय संस्थेस सल्ला देणाऱ्या कार्यकर्त्याने ही गोष्ट प्रथम सांगावी.

पत्रा बसविताना खालून येणाऱ्या पाण्याचा विचार होतो. वरून येणाऱ्या पाण्याचा मात्र विसर पडतो. पावसाचे पाणी, ओल्या जाळ्यांतून निथळणारे पाणी, तक्तपोशी धुतलेले पाणी, हे सर्व सांध्यांतून व स्क्रूच्या भोकांतून खाली झिरपते. पत्रा नसताना ते सरळ जलाशयात पडते. पत्रा चारी बाजूंनी बंद केला की ते तेथेच साचते, उन्हात त्याची वाफ होऊन ती प्लायवूडला खालून लागते व लाकूड कुजू लागते. हे कुजणे पत्र्याआड असल्यामुळे कोणाच्या दृष्टीस पडत नाही. खाद्याचे पोते खांद्यावर घेतलेल्या माणसाचा पाय खोल पाण्यावर फळीतून आत जातो, तेव्हाच ते कळते. म्हणून आत आलेल्या पाण्यास बाहेर पडण्याची वाट ठेवणे, हीच ह्या कामातील मुख्य गोष्ट होय.

उन्हाळ्यात जलाशय ओसरल्यावर नाव काठावर घेऊन भक्कम ओंडक्यांवर टेकवावी. केवळ जॅकच्या आधारावर उचललेल्या नावेखाली कोणीही शिरू नये. तक्तपोशी खालून टोचणीने तपासावी व टोक सहज शिरेल तेथील फळी आधी बदलावी. नवे प्लायवूड घेताना त्यास तांबेयुक्त औषध दिलेले आहे काय, हे विचारून घ्यावे. अशा लाकडातून ठिबकणारे पाणी ॲल्युमिनियमला कुरतडते. तुळयांलगत गेलेल्या वायरी व इंधनाची नळी ड्रिलच्या वाटेतून हलवावी. इंधनाची टाकी पत्र्याच्या पोकळीत कोंडून ठेवू नये, कारण गळलेल्या पेट्रोलची वाफ तेथे साठून राहते.

३००३ किंवा ५०५२ जातीचा, सुमारे १ मिलिमीटर जाडीचा पत्रा पुरतो. त्याचे वजन चौरस मीटरला २.७ किलो भरते. नळकांड्यांमधील जागा १.२ मीटर रुंद व ५ मीटर लांब असल्यास एकूण भार सुमारे १६ किलोच होतो.

काम मागच्या टोकापासून सुरू करून पुढे यावे. पुढच्या पत्र्याची मागील कड मागच्या पत्र्याच्या खालून सुमारे ५ सेंटिमीटर यावी आणि जोड तुळईवरच पडावा. कौले घालताना वरचे कौल खालच्यावर चढते. तीच रीत येथे उलटी टांगलेली आहे असे समजावे. क्रम चुकल्यास धावत्या नावेखालचे पाणी कडेत शिरून पत्रा उचकटते. सर्वांत पुढची कड पहिल्या तुळईवर वर दुमडून पक्की करावी. मागची कड मात्र सिलिकोन भरून कधीही बंद करू नये. एवढ्यानेही काम भागत नाही, कारण प्रत्येक तुळई पत्र्यावर टेकून लहानसा बांधच घालते. म्हणून दोन तुळयांमधील दर खणात, मागील बाजूस, दोन्ही कडांजवळ ८ ते १० मिलिमीटरचे भोक पाडावे.

ॲल्युमिनियम उन्हाने बरेच पसरते. २.४ मीटर लांबीचा पत्रा ४० अंश सेल्सिअसने तापल्यास दोन मिलिमीटरांहून अधिक वाढतो. म्हणून पत्र्याची भोके स्क्रूपेक्षा किंचित मोठी घ्यावी व वर रुंद वायसर द्यावा. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, सुमारे १५ सेंटिमीटर अंतरावर असावेत. साधे लोखंडी स्क्रू वापरून केलेली बचत पुढे महाग पडते. गावच्या कारागिराने चौकट लोखंडाची केली असल्यास ती रंगवून, पत्रा व लोखंड ह्यांच्यामध्ये रबराची पट्टी घालावी. अन्यथा ओलाव्यात ॲल्युमिनियम झिजते. खाडीच्या खाऱ्या पाण्यात ही झीज पुष्कळच लवकर होते.

कित्येक कारागीर सर्व पत्रे रिवेटने बसवितात. ते मजबूत होते खरे, परंतु मधला एक पत्रा तरी स्क्रूनेच बसवावा, म्हणजे दर वर्षी पावसाळ्यापूर्वी तो उतरवून आतील लाकूड हाताने चाचपता येते आणि भोकांत अडकलेला गाळही काढता येतो.