आधी मैदान, मग रोबोट

लोणंद

चि. सोनूस अनेक आशीर्वाद,

तुझ्या आईकडून कळलं, की रोबोकॉन या रोबोट स्पर्धेसाठी जमवलेली सगळी वर्गणी तुम्ही मोटारी आणि बॅटऱ्यांत घातली, आणि सराव वसतिगृहाच्या फरशीवर चालला आहे. तेव्हापासून जिवाला घोर आहे. सराव खऱ्यासारख्या मैदानावरच करायचा, ही साधी गोष्ट एवढ्या हुशार पोरांना कळू नये? 2014 साली रोबोकॉनची आशिया-पॅसिफिकची अंतिम स्पर्धा आपल्या पुण्यात झाली, तो खेळ आठव. मोठ्या रोबोटने लहान रोबोटला बागेत न्यायचं, सी-सॉवर बसवायचं, झोका द्यायचा, शेवटी जंगल जिमवर चढवायचं. आता झोका कागदावर कसा देणार? त्याची लांबी बदलली की आंदोलनाचा काळ बदलतो आणि ढकलायची वेळ हुकते. म्हणजे चुकीच्या झोक्यावर जितका जास्त सराव, तितकी चूक पक्की. फरशीचंही तेच. गुळगुळीत फरशीवर चाक जसं घसरतं, तसं रंगवलेल्या प्लायवर घसरत नाही. आणि पट्टी ओळखणाऱ्या सेन्सरला फक्त परत येणारा उजेड कळतो, त्यामुळे रंगाच्या चकाकीनेसुद्धा आकडे बदलतात.

तू म्हणशील, काका, अख्ख्या मैदानाला पैसे कुठून आणायचे? अख्खं मैदान मागतंय कोण? जिथे गुण जास्त आणि घात होण्याचा संभवही जास्त, तेवढाच तुकडा करा, पण नियमपुस्तकातल्या मापाबरहुकूम. आठ बाय चारचे दोन प्लाय, खाली लाकडी पट्ट्यांची चौकट, वर नियमात सांगितलाय तोच रंग. दोन प्लायच्या सांध्यात मुद्दाम दोन-तीन मिलिमीटरचा उंचवटा ठेवा. स्पर्धेतलं मैदानही आरशासारखं सपाट नसतं. संगणकावर सगळं तपासलंय, असंही म्हणशील. तपासा, जरूर तपासा. पण चाकाचं घर्षण त्याला तुम्हीच सांगायचं असतं, आणि ते मोजायला शेवटी प्लायच लागतो. म्हणून पुन्हा सांगतो, फरशीवरचा सराव आजच थांबवा.

रागावलो खरा, पण तो काळजीपोटी. रात्र रात्र जागून तुम्ही जे जोडलंय, ते केवळ जमीन परकी निघाली म्हणून हरू नये, एवढंच वाटतं. दोन प्लायचे पैसे मी पाठवतो, परत करायचं मनातही आणू नकोस. कापायला सुतार मिळाला नाही तर मापं कळव, इथून कापून देतो. निकाल काहीही लागो, घरी तुझं कौतुक कमी व्हायचं नाही. जेवण वेळेवर कर, आणि झोप घे गं.

तुझा काका