काहील, नाव आणि नदीची ओढ : परिसराचा एक पाठ

जलवाहतुकीचा पाठ बहुतेक शाळांतून आगबोटीच्या चित्रावरून शिकविला जातो. चित्र सुबक असते, परंतु करवीर, हातकणंगले, शिरोळ या तालुक्यांतील नदीकाठच्या मुलांपैकी फार थोड्यांनी आगबोट प्रत्यक्ष पाहिलेली असते. काहील मात्र त्यांच्या ओळखीची असते. गुऱ्हाळात उसाचा रस ज्या विस्तीर्ण लोखंडी कढईत आटवितात, तीच कढई पुराच्या दिवसांत वैरण, शेळ्या, आजारी माणूस आणि क्वचित दप्तरासह शाळकरी मूलही पैलतीरास पोचविते. पाठाचा आरंभ या काहिलीपासून करावा.

प्रथम नदीचा परिचय द्यावा. तुळशी व कुंभी यांना पोटात घेऊन येणारी भोगावती प्रयाग चिखली येथे कासारीस मिळते. गुप्त सरस्वती ही पाचवी, अशी लोकांची श्रद्धा असून त्यावरून पुढील प्रवाहास पंचगंगा हे नाव पडले. तेथून सुमारे ८० किलोमीटर वाहत जाऊन ती नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. हिवाळ्यात बंधाऱ्यांमागे अडलेले तिचे पाणी इतके संथ असते की, वल्हे थांबविले तर नाव जागच्या जागी तरंगत राहावी. तीच नदी आषाढ-श्रावणात पात्र सोडते. संगमापाशी कृष्णा फुगलेली असली म्हणजे पंचगंगेच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही. ते मागे तुंबते आणि पाऊस थांबल्यावरही काही काळ उतरत नाही. ‘पाऊस उघडला, आता पाणी ओसरेल’ ही समजूत नेहमीच खरी का ठरत नाही, हे मुलांस येथेच सांगता येईल.

लोखंडाचा खिळा बुडतो आणि लोखंडाची काहील तरंगते, हे कसे, असा प्रश्न विचारून मुलांस थोडा वेळ वाद घालू द्यावा. मग पाण्याने भरलेल्या टिपात घमेले सोडावे. घमेले आपल्या वजनाइतके पाणी बाजूस सारते आणि तेवढेच बुडून थांबते. वरच्या वर्गात याचेच गणित घालावे. समजा, काहिलीचा व्यास २.४ मीटर आहे, तळ सपाट आहे आणि बाजू उभ्या आहेत. तळाचे क्षेत्रफळ सुमारे साडेचार चौरस मीटर भरते. म्हणजे काहील एक सेंटीमीटर अधिक बुडण्यास जवळजवळ ४५ किलो भार लागतो. साठ किलोचा मनुष्य चढला तरी ती दीड सेंटीमीटरही खाली जात नाही.

उत्तर काढल्यावर मुले म्हणतील, मग हिच्यात कितीही माणसे बसतील! पाठाचे मर्म येथे आहे व शिक्षकाने येथे घाई करू नये. घमेल्यात वीस खडे सारखे पसरून ठेवावे. ते निश्चिंत तरंगेल. आता तेच वीस खडे हलकेच एका कडेला सरकवावे. वजन तेवढेच आहे, पण ती कड खाली जाते व पाण्याजवळ येते. त्यात वाटीभर पाणी ओतून प्रयोग पुन्हा करावा. आतले पाणी खालच्या बाजूकडे धावते व झुकलेले घमेले आणखी झुकविते. पैलतीर जवळ येताच सर्वांनी एकदम उठून एका अंगाला येणे किती घातक आहे, हे मुलांच्या डोळ्यांना दिसेल. शिक्षकाने तोंडी दिलेल्या दहा ताकिदींनी हे होत नाही.

दि. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या ब्रह्मनाळ गावी पूरग्रस्तांना नेणारी नाव उलटून अनेकांचा अंत झाला. नावेत क्षमतेहून अधिक माणसे होती. पुरात वेढलेल्या माणसांना दुसऱ्या खेपेची वाट पाहणे किती अवघड जाते, हे नदीकाठच्या शिक्षकाला सांगावयास नको. लहान वर्गांत हा प्रसंग वर्णन करून मुलांस भिवविण्याचे कारण नाही. मोठ्या मुलांस तो सांगावा.

यानंतर वल्ह्याकडे वळावे. कॅनडातील मूळ रहिवाशांची भूर्जाच्या सालीची कनू असो की आपल्याकडील लांबट होडी असो, तिला पुढे-मागे असते. म्हणून ती दिशा धरते. उजव्या बाजूने वल्हविले तर नाळ डावीकडे वळते, आणि हे वळण सावरण्यातच नावाड्याचे निम्मे कसब असते. काहील गोल, तिला नाळ नाही. बाजूने वल्हविले तर ती जात्यासारखी फिरते. म्हणून जाणता मनुष्य पुढच्या कडेशी बसून पाणी आपल्याकडे ओढतो, आणि कित्येकदा पोहणारे गडी कड धरून तिला ढकलीत नेतात. हंपीजवळ तुंगभद्रेत चालणाऱ्या गोल टोपल्यांनाही हीच अडचण असते. संथ डोहात काहिलीचे फिरणे गमतीचे वाटते. ओढीच्या पाण्यात तीच काहील कोणाचे ऐकत नाही.

ओढ म्हणजे किती, हे घाटावरून मोजता येते. कोरड्या हंगामात दोन खुंट्या काठावर २० मीटर अंतराने रोवाव्यात, शिक्षकाने वरच्या अंगाला करवंटी सोडावी व मुलांनी पाण्यापासून दूर उभे राहून सेकंद मोजावेत. २० सेकंद लागले तर प्रवाहाचा वेग सेकंदाला एक मीटर. आता पात्र १०० मीटर रुंद आहे आणि नावाडी सेकंदाला अर्धा मीटर वल्हवितो, असे धरावे. त्यास पलीकडे जाण्यास २०० सेकंद लागतील व तेवढ्यात प्रवाह नावेस २०० मीटर खाली नेईल. नावाडी आधी काठाकाठाने नाव वर का नेतो, याचे उत्तर मुले आपण होऊन देतील. ते देईपर्यंत शिक्षकाने सांगू नये.

गावात जुना नावाडी असल्यास त्यास वर्गात सन्मानाने बोलवावे. कोणत्या वळणावर भोवरा धरतो, कोणत्या खुणेवर तो नाव काठाला बांधून ठेवतो, हे त्याच्या तोंडून यावे. पुस्तकात ते नाही.

जी मुले पाणी ओलांडून शाळेत येतात त्यांची यादी पावसाळ्यापूर्वी मुख्याध्यापकांजवळ असावी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट धरली जाते. परंतु ओढ्याकाठची पायवाट त्याच्या कितीतरी आधी बुडते. म्हणून पालकांशी बोलून गावची स्वतःची खूण ठरवावी, मग ती पुलाची पायरी असो वा पारावरचा दगड. पाणी त्या खुणेला लागले की पैलतीरच्या मुलांनी घरी राहावे व त्यांची गैरहजेरी कोणी विचारू नये. बुडालेला पाठ पुढच्या आठवड्यात घेता येतो.

२०१९ व २०२१ या दोन्ही महापुरांत पंचगंगेचे पाणी ५५ फुटांवर गेले होते. शाळेच्या भिंतीवर त्या पाण्याची रेघ अजून दिसत असेल, तर तिची जमिनीपासूनची उंची मुलांकडून मोजून घ्यावी आणि ती पुसण्यापूर्वी वर्षासह तेथे रंगाने लिहून ठेवावी.